दोन्ही बाजू काढून टाका, असं मी म्हणाले होते



चातुर्मासात पालेभाजी बंद असताना रोज डब्याला काय द्यायचं, यावर या वेळी लिहिणार होते. ते पुढच्या वेळी. गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता आपल्यातल्याच एकीचा फोन आला. रिपोर्ट आला होता. उजव्या बाजूला गाठ, कॅन्सरची. थोडा वेळ रडली आणि मग म्हणाली, "ताई, दोन्ही बाजू काढून टाकल्या तर कायमची सुटेन ना?"

चार वर्षांपूर्वी हेच वाक्य मी डॉक्टरांपुढे बोलले होते. शब्दसुद्धा जवळजवळ हेच. तिला फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहिते. थोडं लांबेल, कारण या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि तो मला आमच्या बेंबळीच्या घरातूनच सांगायला लागतो.

लग्न होऊन मी बेंबळीला आले ते १९८८ साली. वाड्यात चुलत सासूबाई होत्या, त्यांना सगळे काकी म्हणत. काकी ओसरीवर बसून ज्वारी निवडायच्या तेव्हा त्यांचा डावा हात कायम उशीवर असायचा. तो हात उजव्याच्या दीडपट जाड होता. बाही कोपराच्या खालपर्यंत, पदर दोन्ही खांद्यांवरून. नव्या सुनेनं विचारायचं नसतं, म्हणून मीही विचारलं नाही. पुढे एकदा त्यांना न्हाऊ घालायची वेळ आली तेव्हा पाहिलं. डाव्या बाजूला छाती नव्हतीच, आणि गळ्याच्या हाडाखाली खळगा पडून बरगड्या मोजता येत होत्या. १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी, त्यांचं मोठ्या शहरात ऑपरेशन झालं होतं. "गाठ काढतो म्हणाले. उठले तेव्हा हे असं," एवढंच त्या बोलल्या. १९९३ च्या भूकंपाच्या पहाटे आम्ही सगळे जिवाच्या आकांतानं अंगणात पळालो, तेव्हाही काकींनी आधी पदर ओढून घेतल्याचं मला आठवतं.

पण काकी जगल्या. १९९६ पर्यंत, म्हणजे ऑपरेशननंतर चोवीस वर्षं. आमच्या घरात त्याचा अर्थ एकच लावला गेला: सगळं मुळासकट काढलं म्हणून बाई वाचली.

२०२१ च्या दिवाळीनंतर माझ्या डाव्या बाजूला गाठ लागली, तेव्हा हाच अर्थ माझ्या डोक्यात होता. गाठ दोन सेंटिमीटरची. डॉक्टरबाईंनी सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला, निदान झालं, आणि आता काय काय करता येईल ते त्या समजावून सांगायला लागल्या. मी मध्येच म्हणाले, "मॅडम, दोन्ही काढा. मला परत परत नको." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "उजवीकडे काही नाही. ती का काढू?" मी काकींचं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "काकी तुमच्या रक्ताच्या का?" नव्हत्या. सासरच्या, त्याही चुलत. माझ्या माहेरी, आईकडे किंवा वडिलांकडे, कुणालाच हा आजार नव्हता. "मग आठ दिवस घ्या. आठ दिवसांनी काही बिघडत नाही. वाचा, विचारा आणि मग सांगा."

ते आठ दिवस मला फार जड गेले. पण ते मिळाले, हीच मोठी गोष्ट होती, हे वाचता वाचता कळलं.

काकींचं जे ऑपरेशन झालं ते अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड या सर्जनच्या पद्धतीचं. त्यांनी ते १८८२ पासून करायला सुरुवात केली आणि १८९४ साली आपले निष्कर्ष छापले. त्यांचा विचार असा, की हा रोग एका जागेवरून हळूहळू आजूबाजूला पसरतो, शेतातल्या हरळीसारखा. हरळी वरवर कापली तर पुन्हा फुटते. तेव्हा आजूबाजूची माती उकरून काशीसकट काढायची. म्हणून स्तन, त्याखालचे छातीचे दोन्ही स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी एकदम काढायच्या. काकींच्या गळ्याखालचा खळगा स्नायू काढल्यामुळे होता, आणि हात सुजला तो काखेतल्या गाठी गेल्यावर पाणी उतरायला वाट न राहिल्यामुळे. त्या काळात बायका फार उशिरा, मोठमोठ्या गाठी घेऊन यायच्या. हॉल्स्टेडच्या ऑपरेशननंतर त्याच जागी रोग परत येण्याचं प्रमाण आधीपेक्षा पुष्कळ कमी झालं, त्यामुळे जगभर हीच पद्धत प्रमाण मानली गेली. पण त्याच जागी परत न येणं वेगळं आणि बाई जगणं वेगळं. हा फरक नीट मोजून बघायला पाऊणशे वर्षांहून जास्त काळ गेला.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. तेव्हाची रीत अशी होती, की बाईला भूल द्यायची, गाठ काढायची, तिचा तुकडा लगेच गोठवून तपासायचा, आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत सगळा स्तन काढून टाकायचा. बाई ऑपरेशनला जाताना तिला ठाऊक नसायचं, की आपण कशी उठणार. उठल्यावर हातानं चाचपून कळायचं. काकींवर कुणी मुद्दाम अन्याय केला असं नाही. अमेरिकेतही बायकांचं असंच होत होतं.

ही रीत मोडायला एक बाईच उभी राहिली. रोझ कुश्नर, अमेरिकेतली पत्रकार. १९७४ साली तिला गाठ लागली. तिनं सर्जनना सांगितलं, आधी फक्त गाठ तपासा, पुढचं मी ठरवीन. एकामागून एक डॉक्टर नाही म्हणाले. ती शोधत राहिली, शेवटी तिच्या अटीवर तपासणारा डॉक्टर सापडला. मग तिनं या विषयावर पुस्तक लिहिलं. १९७९ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं तज्ज्ञांची बैठक बोलावली तेव्हा समितीत डॉक्टर नसलेली ती एकटीच होती, आणि तपासणी वेगळी व ऑपरेशन वेगळं, ही गोष्ट तिथे मान्य झाली. डॉक्टरबाई मला "आठ दिवस घ्या" म्हणाल्या, ते दिवस कुणीतरी भांडून मिळवलेले होते. काकींच्या वाट्याला ते आले नाहीत.

आता मूळ प्रश्न. जास्त कापलं की जास्त वाचतो का?

पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर या सर्जनला हरळीचा विचार पटत नव्हता. त्यांचं म्हणणं माझ्या भाषेत सांगायचं तर रोग गाजरगवतासारखा आहे. गाठ हाताला लागेपर्यंत बी उडून गेलेलं असेल तर असेल, नसेल तर नसेल. गेलं असेल तर बांधापर्यंतची माती उकरून काय उपयोग? त्यासाठी सगळ्या अंगाला पोचणारं औषध लागेल. आणि गेलं नसेल तर एवढं उकरायची गरजच काय? हे तोंडी सांगून कुणी ऐकणार नव्हतं. म्हणून १९७१ साली त्यांनी अनेक हॉस्पिटलांमध्ये मिळून चाचणी सुरू केली. काखेत गाठ हाताला न लागणाऱ्या १०७९ बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींचं हॉल्स्टेडचं ऑपरेशन, काहींचा नुसता स्तन काढून वर रेडिएशन, काहींचा नुसता स्तन काढायचा. पंचवीस वर्षं त्या बायकांवर लक्ष ठेवलं. जगण्यात फरक निघाला नाही.

१९७१. काकींच्या ऑपरेशनच्या एक वर्ष आधी. बेंबळीच्या बाईला ते कळण्याचा मार्गच नव्हता, आणि कळूनही उत्तर यायला वेळ होता. पण हे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. काकी जगल्या त्या सगळं उकरलं म्हणून नव्हे, बी उडालेलं नव्हतं म्हणून. हात चांगला राहूनही त्या बहुधा तितक्याच जगल्या असत्या.

पुढची पायरी अशी, की स्तन तरी पूर्ण का काढायचा? फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तर? फिशर यांनी १९७६ पासून १८५१ बायकांवर हे तपासलं. तिकडे इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० मध्ये ७०१ बायकांवर असाच अभ्यास केला. दोघांचे वीस वर्षांचे निकाल २००२ साली एकाच अंकात छापून आले: गाठ लहान असताना स्तन राखला काय नि काढला काय, बाई तितकीच जगते. मात्र रेडिएशन टाळायचं नाही. फिशर यांच्या बायकांमध्ये नुसती गाठ काढली तिथे वीस वर्षांत शंभरात ३९ जणींना त्याच स्तनात रोग परत आला. रेडिएशन घेतलेल्यांत १४ जणींना.

हे वाचून मी डॉक्टरबाईंना फोन केला. म्हणाले, या सगळ्या गोऱ्या बायका. आपल्याकडचं काय? त्यांनी सांगितलं, मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. केतायून दिनशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते २००० या काळात स्तन राखून उपचार केलेल्या १०२२ बायकांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला आहे. आपल्या बायकांतही ही पद्धत चालते. आणि मग म्हणाल्या, "तुमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी तर याहून मोठं काम केलंय. तुम्हाला माहीत नाही?"

खरंच माहीत नव्हतं. आपण कुंथलगिरीला जातो, आचार्य शांतिसागर महाराजांची १९५५ ची सल्लेखना तिथली, त्यामुळे भूम तालुका आपल्याला ओळखीचा. त्याच भूम आणि परांडा तालुक्यांत, आणि शेजारच्या बार्शीत, १९८७ पासून गावोगाव जाऊन कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवली जाते. खेड्यांसाठीची ही देशातली पहिली नोंदणी. त्याआधी खेड्यातली बाई कशानं गेली हे कुठे लिहिलंच जात नव्हतं. नोंदी सुरू झाल्या आणि दिसलं, की आपल्या बायकांत गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर सगळ्यांत जास्त. मग १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर चाचणी झाली, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा यांच्यासह. एका गटाची विषाणूची तपासणी, एकाची पेशींची, एकाची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि चौथ्या गटाची तपासणी नाही, फक्त माहिती द्यायची. आमच्या एका मावशींना ते दिवस आठवतात. "सासू म्हणायची, कशाला दाखवायचं अंग? मी शेताला जाते सांगून गेले," असं त्या सांगतात. निकाल २००९ साली आला. विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात त्या कॅन्सरनं ३४ मृत्यू, तपासणी न केलेल्या जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटात ६४. जगभर त्या तपासणीचा आग्रह धरला जातो त्याच्या मागच्या पुराव्यांत आपल्या जिल्ह्याचं नाव आहे.

त्या चौथ्या गटाचं मला वाईट वाटतं. त्यावरून पुढे टीकाही झाली, आणि ती मला अगदी चुकीची वाटत नाही. पण आपल्या घरात बसून "अमुक केलं म्हणून वाचली" असं आपण जे म्हणतो, ते खरं की खोटं हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायचं म्हणजे कुणाच्या तरी वाट्याला दुसरी चिठ्ठी येते. फिशर यांच्या १०७९ जणींच्या वाट्यालाही ती आलीच होती.

तर डाव्या बाजूचं मला पटलं. उजवीची भीती मात्र जाईना. खरं सांगते, हिशोब कळूनही जाईना.

ही भीती असणारी मी एकटी नव्हते. कॅलिफोर्नियात १९९८ साली एका बाजूचा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या दोघी दोन्ही स्तन काढून घेत. २०११ पर्यंत हे प्रमाण बारांवर गेलं. १,८९,७३४ बायकांच्या नोंदी तपासून २०१४ साली असं दिसलं, की गाठ काढून रेडिएशन घेतलेल्यांपेक्षा त्या जास्त जगल्या नाहीत. माझे उपचार संपल्यावर २०२४ साली आणखी एक अभ्यास आला. नुसती गाठ काढलेल्या, एक स्तन काढलेल्या आणि दोन्ही काढलेल्या, अशा प्रत्येकी ३६,०२८ बायका. दोन्ही काढलेल्यांमध्ये दुसऱ्या बाजूला कॅन्सर जवळजवळ झालाच नाही, बाकीच्यांत वीस वर्षांत शंभरात सातेक जणींना झाला. पण या आजारानं दगावणाऱ्यांचं प्रमाण तिन्ही गटांत सारखंच, शंभरात सोळा-सतरा. कारण जीव जातो तो पहिल्या गाठीतून आधीच उडालेल्या बियांमुळे. उजवी काढल्यानं डावीतलं गेलेलं बी परत येत नाही. दुसऱ्या बाजूला काही झालंच, तर तपासणीवर असलेल्या बाईत ते लवकर सापडतं. शिवाय दोन्हीकडचं ऑपरेशन म्हणजे जखमा दोन, नळ्या दोन्हीकडे, आणि एखादी चिघळली तर ज्या औषधावर जीव अवलंबून ते लांबणीवर.

अँजेलिना जोली या नटीचं नाव मला तीन जणींनी सांगितलं. "तिनं नाही का दोन्ही काढले?" काढले, २०१३ साली तिनं स्वतः ते जाहीर केलं. पण तिला कॅन्सर झालेलाच नव्हता. तिच्या रक्तात बीआरसीए-१ या जनुकाचा दोष होता. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली या जनुकाची जागा दाखवली आणि १९९४ साली ते नेमकं सापडलं. हा दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो, मुलीत यायची शक्यता निम्मी. ज्यांच्यात तो आहे त्यांचा हिशोब पार वेगळा: ऐंशी वर्षांपर्यंत शंभरातल्या सत्तरेक जणींना स्तनाचा कॅन्सर होतो, आणि एका बाजूला झाल्यावर बीआरसीए-१ असलेल्यांत वीस वर्षांत चाळीस जणींना दुसऱ्या बाजूलाही. आपल्या नात्यातली पुण्याची एक मुलगी आहे. आई आणि मावशी दोघी कमी वयात गेल्या. तिला चौतिसाव्या वर्षी गाठ निघाली, रक्त तपासलं, दोष सापडला. तिनं दोन्ही काढून घेतले. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून फोनवाल्या मैत्रिणीला मी पहिलं विचारलं ते माहेरचं: आई, मावश्या, आत्या, आज्या, कुणाला छातीचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर? आपण कुंडली चार पिढ्यांची सांगतो आणि आजी कशानं गेली ते सांगत नाही. "पोटात गाठ झाली होती" एवढ्यावर विषय मिटतो.

माझं रक्तही तपासलं. दोष निघाला नाही.

आठव्या दिवशी मी सांगितलं: डावीकडची गाठ काढा, रेडिएशन घेईन, उजवी राहू दे. रेडिएशन तीन आठवडे होतं, शनिवार-रविवार सोडून रोज. बेंबळीहून रोजची ये-जा झेपणारी नव्हती, म्हणून नात्यातल्या एका घरी शहरात राहिले. हेही इथे लिहायला हवं, कारण आपल्याकडच्या किती तरी जणी स्तन काढून घेतात ते भीतीनं नव्हे, तर तीन आठवडे घर सोडून राहायची सोय नाही म्हणून. तेही कारण खरं आहे, त्यात कमीपणा काही नाही. फक्त गाठ मोठी असली किंवा काखेत पसरली असली तर स्तन काढूनही रेडिएशन लागू शकतं, ते आधी विचारून घ्या. म्हणजे मागून फसल्यासारखं वाटत नाही.

मंदिरात एक जणी म्हणाल्या, पूर्वकर्माचा उदय, भोगून संपवायचा. असातावेदनीयाचा उदय असेल, मी कुठे नाही म्हणते? पण आपल्या चार दानांत औषधदान आहे. औषध घेणारंच कुणी नसेल तर ते दान द्यायचं कुणाला? त्यांना तेव्हा उत्तर दिलं नाही. केमोच्या दिवसांत रात्री पाणी प्यावं लागलं, त्याचं मात्र मनाला लागलं होतं. माताजींना विचारलं. त्या म्हणाल्या, बरी झाल्यावर नियम पुन्हा घे.

डावी बाजू आता थोडी लहान दिसते, आणि एक वण आहे. हात सुजला नाही, कारण काखेतल्या सगळ्या गाठी काढाव्या लागल्या नाहीत. आधी पहिल्या दोन-तीनच तपासल्या, त्या साफ होत्या. पोळ्या लाटते, विहिरीवरून बादली आणते. भीती अजून आहे, विशेषतः मॅमोग्राफीच्या आधीचे चार-पाच दिवस. तेव्हा उजवीवर हात जातोच.

फोनवालीचा रक्ताचा रिपोर्ट यायचा आहे. मावशी कशानं गेली हे तिनं मामाला विचारलं; तो आधी चिडला आणि मग सांगितलं. तो कागद घेऊन ती मंगळवारी डॉक्टरांकडे जाणार आहे. माझी मॅमोग्राफी पुढच्या महिन्यात आहे, आणि या वेळी जाऊबाई सोबत येतायत. त्या बावन्नच्या आहेत, आजवर एकदाही तपासलेलं नाही. काकींना त्यांनीही न्हाऊ घातलं होतं.